सोमसूत्री

पुण्याचा माणूस विनाकारण डोंगर चढत नाही. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही असतं. पर्वतीवर देव असतो, आणि खाली उतरल्यावर ‘आज किती मिनिटांत?’ असं विचारणारा एक तरी ओळखीचा भेटतोच. वर किल्ला हवा, किल्ला नसेल तर देऊळ हवं, देऊळही नसेल तर निदान भगवा लावलेली काठी तरी हवी. पोहोचल्यावर हात लावून ‘झालं’ म्हणता आलं पाहिजे. त्यामुळे माझ्या पुतणीने जेव्हा जाहीर केलं, की रविवारी आपण सगळे मुळशीला जाऊन तळ्याभोवती चालणार आहोत, तेव्हा घरात कोणालाच नेमकं काय म्हणावं ते सुचेना.

“तळ्याभोवती म्हणजे कुठपर्यंत?” मामांनी विचारलं.

“पूर्ण. गोल. जिथून निघू तिथेच परत.”

“मग निघायचं कशाला?”

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले. सर्किट पूर्ण होतं तेव्हा मधे कुठेतरी दिवा लागला पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. नुसतंच सर्किट त्यांना पटेना.

पुतणी सिएटलजवळ राहते. तिकडे म्हणे रानातल्या बहुतेक तळ्यांभोवती अशी वाट असते. वाटेच्या तोंडाशी फळा असतो. त्यावर अंतर किती, चढ किती, कुत्रं आणलं तर चालेल का आणि अस्वल दिसलं तर काय करायचं, हे सगळं लिहिलेलं असतं. माणसं आपापली पाण्याची बाटली घेऊन येतात, गोल फिरतात आणि गाडीत बसून घरी जातात. मधे खात नाहीत. हे ऐकून आत्याला तिकडच्या लोकांविषयी मनापासून वाईट वाटलं.

मुळशी परिसरातली अशीच एक ‘सोपी, सहकुटुंब जाण्याजोगी’ वाट पुतणीने फोनवर शोधून ठेवली होती. धरणाच्या पाण्याचा एक फाटा रानात शिरलाय, त्याला वळसा घालून यायचं. जागेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे मॅगीची टपरी लागेल आणि त्याच्या पुढच्या रविवारी टपरीसमोर गाड्यांची रांग.

ही योजना जानेवारीतली होती, हे आमचं नशीब. पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीला जायचं म्हणजे निम्म्या पुण्याबरोबर जायचं. प्रत्येक धबधब्याखाली एक स्पीकर, प्रत्येक स्पीकरखाली वीस माणसं आणि प्रत्येकाच्या हातात कणीस. शिवाय तिथला पाऊस हा पाऊस म्हणण्याजोगा नसतोच. २५ जुलै २०२४ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला. पुणे शहराला तेवढ्यासाठी जूनपासून जवळजवळ सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं, आणि तरीही आपण छत्री विसरतो. अशा दिवसांत प्रशासन तिथल्या वाटा बंद करतं आणि पुणेकर त्या बंद आहेत का ते बघायला जातात.

सहकुटुंब म्हणजे किती कुटुंब, हे त्या फोनवर लिहिलेलं नव्हतं. पाच जण ठरले होते, निघताना अकरा झालो. आत्या, मामा, मामी, बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे मेव्हणे, चार मुलं, पुतणी आणि मी. हिला बरं नव्हतं. बरं नसूनही हिने पुऱ्या करून दिल्या होत्या, त्यामुळे ती आली नाही हे प्रत्येक पुरीमागे एकदा बोललं गेलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आत्याने स्वतंत्र आणलेला गुळाचा सांजा, आणि ‘असू दे’ या सदराखाली मोडणारी एक पिशवी. तिच्यात शाल, अमृतांजन, काडेपेटी, वर्तमानपत्राची रद्दी आणि नायलॉनची दोरी होती. दोरी कशाला, असं पुतणीने विचारलं. “लागते,” आत्या म्हणाली. चार किलोमीटरच्या सपाट वाटेसाठी आमच्याजवळ एव्हरेस्टच्या दुसऱ्या तळापर्यंत पुरेल एवढं सामान होतं. फक्त बूट नव्हते. मामा चामड्याच्या सँडलवर होते, आत्या रबरी चपलांवर, आणि मेव्हण्यांनी एका बँकेने फुकट दिलेली टोपी घातली होती. ती घातली की आपण ट्रेकला आलोय असं त्यांना वाटतं.

चांदणी चौकाने नेहमीप्रमाणे आमची परीक्षा घेतली. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या रात्री स्फोटकं लावून पाडायला घेतला, तर तो स्फोटानंतरही सगळा पडला नाही. उरलेला मग मशिनने पाडावा लागला. आधीची कित्येक वर्षं त्या पुलाला नावं ठेवणारे पुणेकर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दर्जाचं कौतुक करत होते. आता तिथे इतके रस्ते, रॅम्प आणि पाट्या आहेत की मुळशीला निघालेला माणूस बावधनला पोहोचू शकतो, किंवा मुंबईला. आम्ही फक्त बावधनला पोहोचलो. पुढे भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडला चहा झाला. पौड हे मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण. तिथे गाडीतून उतरल्या उतरल्या मेव्हण्यांनी इकडेतिकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, “इथे गुंठ्याला काय भाव चाललाय?”

हा प्रश्न मुळशी तालुक्यात श्वासासारखा आपोआप येतो. पौडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांपेक्षा फलक जास्त. ‘लेक व्ह्यू प्लॉट’, ‘क्लिअर टायटल’, ‘स्वतंत्र सातबारा’, ‘कलेक्टर एनए’, ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’. पुतणीच्या सिएटलजवळच्या फळ्यावर अस्वलाचं काय करायचं ते लिहिलेलं असतं. आमच्या फळ्यावर सध्याचा दर सोडून सगळं लिहिलेलं असतं आणि खाली मोबाइल नंबर. ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा २०१८ साली आला, लोकांनी डोळे पुसले, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये एकमेकांना विचारलं, की अजून मिळेल का तिकडे एखादा तुकडा.

असो. गाड्या रस्त्याच्या कडेला लावून आम्ही झाडीत उतरलो. वाट होती. चांगली मळलेली, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, मधे मधे ऐन आणि हिरडा, खाली कुरकुरीत पाचोळा. पुतणी पुढे, हातात फोन. दहा मिनिटांत पाण्याशी पोहोचलो आणि वाट संपली.

संपली म्हणजे पाण्यात गेली. तिथे चार म्हशी मानेपर्यंत बसल्या होत्या आणि अकरा माणसांपैकी एकाकडेही बघत नव्हत्या. मग दुसरी वाट धरली. तीही वळून पाण्यालाच आली. तिसरी वर गेली, ती एका गोठ्याच्या दारात. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रानातल्या वाटा गुरांनी पाडलेल्या असतात, आणि म्हैस घरून पाण्यावर जाते, पाण्यावरून घरी येते. तळ्याभोवती गोल चक्कर मारून यावं असं आजवर एकाही म्हशीच्या मनात आलेलं नाही. मामा आणि म्हशी यांचं या बाबतीत एकमत होतं.

“फोन काय म्हणतोय?” मी विचारलं.

पुतणी जरा घुटमळली. “फोन म्हणतोय आपण पाण्यात आहोत.”

सगळ्यांनी पायाखाली पाहिलं. कोरडी ठणठणीत जमीन, भेगा पडू लागलेली. फोनवर मात्र निळा ठिपका चक्क तळ्यात. धाकट्या पोराने लगेच पोहण्याचे हातवारे सुरू केले. मग मामांनी घसा साफ केला. मामांनी घसा साफ केला की आमच्याकडे माणसं बसायला दगड बघतात.

“हे तळं नाहीच मुळी,” मामा म्हणाले. “हा धरणाचा जलाशय आहे. पावसाळ्यात भरतो, नंतर वीज करायला पाणी जातं तसतसा उतरतो. नकाशा भरलेल्या धरणाचा. मे महिन्यात आलात तर अजून आत जाऊन उभे राहाल.”

“काहीही म्हण,” आत्या पाण्याकडे बघत म्हणाली, “निसर्गाने काय भरभरून दिलंय इथे!”

“निसर्गाने नाही, आक्का. टाटांनी. १९२७ साली.”

आणि मामा सुटले. मुळा नदी ही मुळात पूर्वेकडे जाणारी. इथून पुण्याला यायची, संगमावर मुठेला भेटायची, पुढे भीमा, कृष्णा, आणि बंगालचा उपसागर. टाटांनी तिला इथे अडवलं आणि पश्चिमेला वळवलं. बोगद्यातून, नळांतून पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्याला उतरवलं, साधारण पाचशे मीटर खाली. तिथे वीजघर. वीज गेली मुंबईला. काम झालेलं पाणी कुंडलिका नदीत. कोलाडला ज्या पाण्यावर लोक पैसे देऊन राफ्टिंग करतात ते हेच पाणी.

मेव्हणे हिशेबाला पक्के. “म्हणजे वीज मुंबईला, पाणी कोकणाला. मग पुण्याला काय?”

“लेक व्ह्यू,” मामा म्हणाले.

त्यानंतर तासभर आम्ही काठाकाठाने चाललो आणि चालणं खरंच सोपं होतं. वाट नसली की वाट चुकायची भीती नसते. पाणी उजव्या हाताला ठेवायचं, बस्स. नर्मदा परिक्रमेचाही हाच नियम आहे, हे आत्याला आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. तोवर ती नुसतीच चालत होती, आता तिला काहीतरी लाभू लागलं. वाटेतलं प्रत्येक झाड तिने दोन खात्यांपैकी एकात टाकलं. हिरडा पोटाला, बेहडा खोकल्याला, आपटा दसऱ्याला, उंबर दत्ताला. जे झाड ना पोटाला ना देवाला, त्याच्याकडे ती ‘असेल काहीतरी’ म्हणून उदारपणे बघायची.

पुढे एका वळणावर हिरव्या कपड्यांतले तिघे जण झाडाकडे भलंमोठं भिंग रोखून उभे होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, पंगत बसल्यावर दारात आणखी अकरा माणसं दिसलेल्या यजमानाचे भाव आले. “श्श,” एक जण म्हणाला. आम्ही श्श केलं. अकरा माणसांचं श्श बरंच लांबवर ऐकू जातं. वरच्या फांदीवरून काहीतरी तपकिरी, झुबकेदार शेपटीचं सर्रकन पलीकडे गेलं. “शेकरू,” तो दुःखाने म्हणाला. राज्यप्राणी म्हणून ज्याला शाळेच्या पुस्तकात पाहिलं होतं, ते शेकरू मुलांना असं पाठमोरं दिसलं. मामींनी त्या तिघांना एकेक दशमी दिली. त्यांनी नको नको म्हणत घेतली आणि मग भिंगं बाजूला ठेवून चटणी आहे का ते विचारलं.

पुढे एक म्हातारे बाबा भेटले. डोक्याला मफलर, काखेत काठी, लक्ष म्हशींवर. मघाच्या म्हशी बहुधा त्यांच्याच, कारण त्यांनीही आमच्याकडे तसंच पाहिलं. राम राम झालं. कुठले, कोण, पोरं किती, हे झालं. मेव्हणे अस्वस्थ होते. ते काय विचारणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बहिणीने त्यांची बाही दोनदा ओढली, तरी ते आलंच.

“बाबा, इकडे जमिनीला काय भाव आहे?”

“कुठल्या?”

“ही. पाण्याला लागून.”

“ही व्हय.” बाबांनी काठी लांब करून सगळ्या काठावरून सावकाश फिरवली. “ही न्हाई आमची. आमची हाय ती त्या तिकडं.” काठी थेट पाण्याच्या मधोमध थांबली. “आज्याची व्हती. आंबेमोहोर पिकायचा. घ्यायची का? सोडतो सस्तात. लेक व्ह्यू काय करता, लेकच घ्या.”

आणि ते एकटेच खो खो हसले. मागून मामा हसले. मेव्हणे टोपी काढून डोकं खाजवू लागले.

बाबा खोटं बोलत नव्हते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यातून. शाळेत एवढं शिकवतात. शिकवत नाहीत ते असं, की या जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचेही हक्क होते, आणि कसणारा मावळा ‘जमीन सोडणार नाही’ म्हणून अडून बसला तेव्हा सावकार मंडळींचा कल ‘भरपाई काय मिळते ते बघू’ याकडे होता. तेव्हा पुण्याहून येऊन इथल्या जमिनीचा भाव विचारायची प्रथा काही परवाची नाही. मेव्हण्यांना मी हे सांगितलं. “मग तेव्हा काय भाव मिळाला?” ते म्हणाले.

उन्हं चढली होती, पाण्याचा फाटा अरुंद होत चालला होता, पलीकडचा काठ जवळ दिसू लागला होता. अजून थोडं गेलं की वळसा पूर्ण, असं पुतणी म्हणाली, आणि समोर कुंपण आलं.

तारेचं, चांगलं आठ फूट उंच, पार पाण्यात उतरलेलं. आत हिरवंगार लॉन, पांढऱ्या खुर्च्या, एक झोपाळा आणि कोणीही नाही. बाहेर पाटी, ‘खाजगी मालमत्ता. कुत्र्यापासून सावध राहा.’ पुतणी म्हणाली, कुत्र्याचं लिहिलंय, म्हणजे निदान एक माहिती मिळाली. तेवढ्यात आतून वॉचमन आला. पन्नाशीचा, गणवेशाचा शर्ट आणि खाली स्वतःची पँट.

“पुढं जाता येत न्हाई.”

आत्या पुढे झाली. “अहो दादा, आम्हाला काही थांबायचं नाही तुमच्यात. इकडनं शिरतो, तिकडनं निघतो. दोन मिनिटं.”

“साहेब रागावतात.”

“साहेब आहेत का?”

“न्हाईत. दिवाळीला आले व्हते.”

“मग?”

“कॅमेरा हाय.” त्याने वर बोट दाखवलं. खांबाला खरंच कॅमेरा होता, आणि त्याचं तोंड पाण्याकडे नव्हे, वॉचमनच्या खुर्चीकडे होतं.

आत्याने विषय बदलला. आतल्या मोठ्या आंब्याकडे बघत तिने विचारलं, हा कुठला, हापूस का. “न्हाई, रायवळ. आमच्या चुलत्याने लावल्याला,” तो म्हणाला. “ह्याच्या खाली आमचं खळं व्हतं.” मग त्याच्या बहुधा लक्षात आलं, की आपण जास्त बोललो. त्याने तारेतून हात काढून धाकट्याला दोन चिंचा दिल्या. आत्याने सांज्याचा डबा तारेवरून आत पोहोचवला. त्यासाठी नायलॉनची दोरी लागली. पुतणीकडे एक दृष्टिक्षेप टाकून आत्याने दोरी परत गुंडाळली.

आता काय, हा प्रश्न होता. पुतणीचा चेहरा उतरला होता. वळसा अर्धा राहिला, फोनवर चक्र पूर्ण होईना. तिची समजूत काढायला आत्या म्हणाली, “अगं, त्यात काय एवढं! शंकराला आपण कुठे पूर्ण प्रदक्षिणा घालतो? तीर्थ वाहतं ते ओलांडायचं नसतं. तिथपर्यंत जायचं नि मागे फिरायचं. सोमसूत्री!”

हे सगळ्यांना एकदम पटलं. या पिंडीचं तीर्थ पश्चिमेला भिऱ्याकडे निघतं, हे तर मामांनीच सांगितलं होतं. कुंपणाला देवत्व आलं, परत फिरण्याला शास्त्राधार आला, डबे उघडायला झाडाखाली जागाही दिसली. आणि तिथे मामांनी पुन्हा घसा साफ केला.

“आक्का, सोमसूत्री अशी अर्ध्यावर संपत नाही. सोमसूत्रापर्यंत जायचं, मागे फिरायचं, मूळ जागेवर यायचं, मग उलट्या बाजूने पुन्हा सोमसूत्रापर्यंत जायचं, आणि तिथून परत जागेवर. तेव्हा एक होते.”

बहिणीने मनातल्या मनात किलोमीटर मोजले आणि खाली बसली.

म्हणजे गोल फिरलो असतो तर चार. सोमसूत्री करायची तर जवळजवळ आठ. सोप्या, सहकुटुंब वाटेचं हे गणित ऐकून पुऱ्या आपोआप बाहेर आल्या. सगळं खाऊन झालं, रद्दीचा पसारा परत पिशवीत गेला (आत्याने मागच्या कोणाचे तरी वेफर्सचे तीन पुडेही त्यात कोंबले, शिव्या देत), आणि ठराव झाला तो असा. आता आल्या वाटेने परत जायचं आणि उरलेली अर्धी सोमसूत्री गाडीतून करायची. गाडीतून केलेली प्रदक्षिणा चालते का, यावर मामांचं मत कोणी विचारलं नाही.

परतताना बाबा तिथेच होते. “झाला का गोल?” त्यांनी विचारलं. कुंपण लागलं म्हणून सांगितलं. “लागतंयच,” ते म्हणाले, “मी बी त्यास्नी तेच सांगतो.” ‘त्यास्नी’ म्हणताना त्यांनी काठी म्हशींकडे केली.

मग गाड्या काढल्या आणि डांबरी रस्त्याने पलीकडच्या बाजूला गेलो. खिडक्या उघड्या ठेवल्या, कारण एसी लावला तर ती प्रदक्षिणा कसली, असं आत्याचं म्हणणं. तिने हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले. बराच वेळ मिटलेले होते, बारीक घोरण्याचा आवाजही येत होता. दहा मिनिटांनी त्याच बंगल्याचं पुढचं फाटक आलं. इथे पाटी वेगळी होती, सोनेरी अक्षरांची, आणि शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर ताजा फलक होता. ‘मोजकेच प्लॉट शिल्लक.’ फलकाखाली खुर्ची टाकून एक पांढऱ्या शर्टातला तरुण बसला होता.

गाडी थांबायच्या आत मेव्हणे उतरले होते. आम्ही काचेतून पाहत राहिलो. तरुण उभा राहिला, हात हलवत काहीतरी दाखवलं, पाण्याकडे, रस्त्याकडे, मग मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून मेव्हण्यांच्या समोर धरला. मेव्हण्यांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मग त्यांनी डोक्यावरची बँकेची टोपी काढली आणि हातात धरूनच परत आले.

आत्याला जाग आली होती. “काय रे, घेतलास?”

“नाही आत्या.”

“बरं केलंस. इथे रोज भाजी आणायला कुठे जाणार होतास?”